ऑटोप्सी: आपल्याच डिस्कची झडती घेणारं मोफत साधन

डिलीट केलेल्या फाइल परत मिळवणं हे पोलिसांच्या प्रयोगशाळेचं काम आहे, घरबसल्या कोणाला जमणार नाही, असं बरेच जण समजतात. ऑटोप्सी हे सॉफ्टवेअर एकदा चालवून बघितलं की हा समज राहत नाही. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोजवर सरळ इन्स्टॉल होतं, आणि जगभरातले तपास करणारे लोक ते खऱ्या कामासाठी वापरतात. माझं मत आधीच सांगून टाकते. जुना कॉम्प्युटर विकायचा असेल, कोणाला द्यायचा असेल किंवा दुरुस्तीला टाकायचा असेल, तर त्याआधी त्याच्या डिस्कवर ऑटोप्सी चालवाच. हे साधन हॅकरला अडवत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. तुमची डिस्क परक्याच्या हाती गेली तर त्याला काय काय वाचता येईल, ते मात्र त्याच्याआधी तुम्हाला कळतं. वैयक्तिक माहिती जपायची सुरुवात इथून करावी, असं मी मनापासून म्हणते.

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब आणि सभासदांच्या नोंदी सांभाळते. मशिन बदलायची वेळ आली की जुन्याचं काय करायचं ते माझ्यावर येतं, आणि हे नातेवाइकांना माहीत असल्यामुळे त्यांचेही लॅपटॉप माझ्याकडे येतात. मी प्रमाणपत्रवाली फॉरेन्सिक तज्ज्ञ नाही. हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठीच आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण साधनावर विश्वास ठेवायचा तर ते कुठून आलं हे माहीत असावं. डॅन फार्मर आणि वीट्से वेनेमा यांनी 'द कॉरोनर्स टूलकिट' नावाचा साधनसंच लिहिला होता. त्याच्यावर उभारून ब्रायन कॅरियर यांनी 'द स्लूथ किट' तयार केलं, आणि ते कमांड लिहून चालवावं लागू नये म्हणून ऑटोप्सी आलं. सुरुवातीचं ऑटोप्सी ब्राउझरमध्ये चालायचं. तिसऱ्या आवृत्तीपासून ते जावामध्ये नव्याने लिहिलं गेलं आणि विंडोजवर आलं. सध्या चौथी आवृत्ती चालू आहे. सगळा कोड उघडा असल्यामुळे हे साधन काय करतं आणि काय करत नाही, ते कोणालाही तपासता येतं. तुमची सगळी खाजगी माहिती ज्या सॉफ्टवेअरपुढे मांडायची, त्याच्या बाबतीत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

काम सुरू करण्याआधी एक पथ्य पाळायला हवं. मूळ डिस्कवर थेट काही करायचं नाही. डिस्कची पूर्ण प्रत काढायची. तिला इमेज म्हणतात, आणि तिच्यात रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट डिस्कचा प्रत्येक तुकडा (सेक्टर) येतो. मी त्यासाठी एफटीके इमेजर वापरते, तेही मोफत आहे. डिस्क जोडल्याबरोबर विंडोज तिच्यावर काही ना काही लिहितं, म्हणून शक्य असेल तर मध्ये राइट ब्लॉकर लावावा. हे छोटं उपकरण वाचू देतं, लिहू देत नाही. इमेज झाली की तिचा हॅश, म्हणजे सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, काढून ठेवायचा. पुढे कधीही तो पुन्हा काढला आणि जुळला, तर मधल्या काळात इमेजमध्ये एक बिटही बदललेला नाही याची खात्री पटते. न्यायालयात पुरावा टिकतो तो याच्या जोरावर. आपल्याला न्यायालयात जायचं नाही, तरी ही सवय चांगली.

इमेज ऑटोप्सीला दिली की ते विचारतं, कुठली मॉड्यूल (शोधाचे वेगवेगळे भाग) चालवू? इथे सगळ्या खुणा करून मोकळं व्हायचा मोह आवरा. माझ्या कामाला ब्राउझर आणि अलीकडच्या हालचाली, शब्दशोध, फोटोंची माहिती, एन्क्रिप्शन (कुलूपबंद केलेला मजकूर) ओळखणं आणि फोटोरेक कार्व्हर (नोंद हरवलेल्या फाइल शोधणारा भाग) एवढी पुरतात. 'पुरतात' म्हटलं तरी साध्या लॅपटॉपवर शब्दशोध रात्रभर चालू शकतो. फोटोतला मजकूर ओळखायची सोय सुरू केलीत तर त्याहून जास्त. रॅम कमी असेल तर मधेच सगळं अडकून बसतं. हा या सॉफ्टवेअरचा मोठा दोष आहे, आणि आवृत्त्या बदलल्या तरी तो फारसा हललेला मला दिसला नाही. त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी, की काम पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही. जे सापडत जातं ते डावीकडच्या झाडासारख्या, फांद्या असलेल्या यादीत लगेच दिसायला लागतं.

आता प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगते. आत्याचा एक जुना लॅपटॉप माझ्याकडे आला होता, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कचा. तो एका विद्यार्थिनीला द्यायचा होता. आत्या म्हणाली, "अगं, मी सगळं काढून टाकलंय. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. तू फक्त वरवर बघ." तिला विचारून मी इमेज काढली आणि आम्ही दोघी शेजारी बसून बघत गेलो.

'डिलीटेड फाइल्स' या फांदीवर क्लिक केलं की उजवीकडे यादी उघडते, आणि डिलीट झालेल्या फाइलच्या चिन्हावर लाल फुली असते. आत्याच्या यादीत फुल्याच फुल्या होत्या. बँकेची स्टेटमेंट, काकांचे तपासणीचे रिपोर्ट, घराचा करारनामा. बऱ्याच फाइल त्यांच्या मूळ नावानिशी होत्या, आणि खालच्या चौकटीत जशाच्या तशा उघडत होत्या. विंडोज फाइल डिलीट करतं तेव्हा साधारणपणे तिचा मजकूर पुसत नाही. 'ही नोंद आता वापरात नाही, ही जागा मोकळी आहे' एवढंच लिहितं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच पडून असतो. डिस्क मोठी आणि वापर कमी असेल तर वर्षानुवर्षं.

रिसायकल बिनची गोष्ट आणखी वेगळी. बिनमध्ये गेलेल्या फाइलचं नाव विंडोज बदलतं, पण तिचं मूळ नाव, ती कुठल्या फोल्डरमध्ये होती आणि कधी डिलीट केली, हे सगळं शेजारी एका चिमुकल्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. बिन रिकामा केला तरी त्या चिमुकल्या फाइलचे अवशेष सापडू शकतात. म्हणजे आपण काय लपवायला गेलो त्याचीच यादी तारीखवेळेसह तयार. आत्याला सगळ्यात जास्त हे लागलं. "म्हणजे मी काय टाकलं तेही दिसतंय?" असं तिने दोनदा विचारलं.

मग फोटोरेक कार्व्हरने काढलेला ढीग बघितला. ज्या फाइलची नोंदच उरलेली नाही, तिच्यासाठी हे मॉड्यूल मोकळ्या जागेत फाइलच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातं. जेपीईजी फोटो ठराविक बाइट्सनी सुरू होतो, पीडीएफ ठराविक अक्षरांनी. त्या खुणा पकडून ते फाइल बाहेर काढतं. नाव हरवलेलं असतं, त्यामुळे प्रत्येकीला 'एफ' आणि पुढे आकडे असं नाव मिळतं. अशाच एका निनावी फोटोवर क्लिक केलं, आणि आत्याच्या पासपोर्टचं पहिलं पान समोर आलं. तिने ते कधीतरी व्हिसासाठी स्कॅन केलं होतं. एखाद्या परक्याला तिच्या नावाने खातं उघडायला याहून जास्त फारसं लागलं नसतं.

दुसरी एक चीज मी सगळ्यांना मुद्दाम दाखवते. नोटपॅडमध्ये चार ओळींत पासवर्ड लिहून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. विंडोजच्या फाइल साठवायच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद 'एमएफटी' नावाच्या मुख्य तक्त्यात असते, आणि ही एक नोंद सहसा १०२४ बाइट्सची असते. फाइल फारच छोटी असेल तर तिचा मजकूर डिस्कवर वेगळी जागा घेतच नाही, या नोंदीच्या पोटातच राहतो. त्यामुळे अशी फाइल डिलीट करून नंतर 'मोकळी जागा पुसा' असलं एखादं साधन चालवलं, तरी त्या साधनाने तक्त्यातल्या जुन्या नोंदींना हात लावलाच असेल असं नाही. ऑटोप्सीच्या हेक्स खिडकीत, म्हणजे डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या चौकटीत, अशी नोंद उघडा. सुरुवातीला 'फाइल' ही चार इंग्रजी अक्षरं, मग तारखांचे बाइट, मग फाइलचं नाव, आणि त्याच्या खाली सरळ वाचता येईल असा पासवर्ड. हे डोळ्यांनी बघितलेला माणूस पुन्हा नोटपॅडमध्ये पासवर्ड लिहीत नाही, असा माझा अनुभव आहे. पासवर्ड मॅनेजर वापरा असं मी आधी सांगत राहायचे, आता ही खिडकी दाखवते.

हे काही नवं नाही. सिमसन गार्फिंकल आणि अभी शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या आणि त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या १२९ चालू होत्या, आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांमध्ये क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक, आजारपणाच्या नोंदी, खाजगी पत्रं होती. या डिस्क कोणी हॅक केल्या नव्हत्या. मालकांनी आपणहून विकल्या होत्या.

आणि तपासाच्या बाजूने बघायचं तर अमेरिकेतलं विचिटाचं प्रकरण. अनेक वर्षं न सापडलेल्या एका खुन्याने २००५ मध्ये एका टीव्ही केंद्राला फ्लॉपी पाठवली. त्या फ्लॉपीवर डिलीट केलेली एक वर्ड फाइल उरली होती, आणि तिच्या मेटाडेटामध्ये, म्हणजे फाइलबद्दल आपोआप साठणाऱ्या माहितीत, एका चर्चचं नाव आणि 'डेनिस' हे नाव होतं. त्यावरून पोलीस डेनिस रेडरपर्यंत पोचले. खुनी पकडला गेला ही चांगलीच गोष्ट झाली. पण तसाच मेटाडेटा तुमच्या-माझ्या कितीतरी फाइलमध्येही असतो, आणि तो वाचायला ऑटोप्सीत एका टॅबवर क्लिक करणं पुरतं.

ब्राउझरच्या भागाला मी पूर्ण गुण देते. इतिहास, डाउनलोड, कुकी (साइटने तुमची ओळख ठेवायला साठवलेली चिठ्ठी), शोधलेले शब्द, फॉर्ममध्ये भरलेली माहिती, सगळं वेगवेगळ्या फांद्यांवर लावलेलं मिळतं. फॉर्म भरताना ब्राउझर आपोआप सुचवतो तो पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख हे साध्या मजकुरात साठवलेलं असतं, आणि तक्त्यात रांगेने दिसतं. साठवलेले पासवर्ड मात्र असे उघडे नसतात. विंडोजवर क्रोम ते कुलूपबंद ठेवतं आणि किल्ली तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. म्हणून नुसती डिस्क हाती लागलेल्याला ते सहज मिळत नाहीत. पण कॉम्प्युटर चालू असताना, तुमच्याच खात्यातून एखादं माहिती चोरणारं मालवेअर चाललं, तर विंडोजच्या लेखी ती मागणी तुम्हीच केलेली असते. रेडलाइनसारखी मालवेअर नेमकी या साठवलेल्या पासवर्डांची फाइल आणि कुकी उचलतात. कुकी चोरीला गेली तर काही वेळा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा कोड दोन्ही लागत नाहीत, कारण त्या साइटवर तुम्ही आधीच आत असता. क्रोमने २०२४ मध्ये विंडोजवर यासाठी आणखी एक कुलूप घातलं, आणि चोरांनी त्यातूनही वाटा काढल्या. ऑटोप्सीतली ही यादी बघून मी दोन गोष्टी केल्या. बँकेच्या आणि मेलच्या साइटवरून काम झालं की दरवेळी लॉग आउट करते, आणि फॉर्म आपोआप भरायची सोय बंद ठेवली आहे.

शब्दशोध ताकदवान आहे, पण त्याचा गाळ फार. फोन नंबर, ईमेल, कार्ड क्रमांक यांचे साचे तयारच मिळतात. कार्ड क्रमांकांवर लुन चाचणी (आकडे ठराविक हिशेबात बसतात का ते बघणारी) चालते, तरीही कार्ड नसलेले कितीतरी आकडे यादीत येतात, आणि फोन नंबरांच्या यादीत तर सॉफ्टवेअरच्या आतले वाट्टेल ते आकडे घुसतात. त्यापेक्षा स्वतःचं आडनाव, खातं क्रमांकाचे शेवटचे आकडे, मुलांची नावं असे शब्द स्वतः भरून शोधा. वेळ वाचतो आणि जे सापडतं ते कामाचं असतं. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची माहीत असलेल्या फाइलच्या हॅशची यादी जोडली तर विंडोजच्या स्वतःच्या फाइल बाजूला पडतात आणि नजर तुमच्या फाइलवर राहते. ती यादी मोठी आहे, उतरवायला वेळ लागतो, पण एकदाच करायचं काम आहे.

थंबनेलच्या बाबतीत थोडी निराशा झाली. मूळ फोटो गेला तरी विंडोज त्याची छोटी आवृत्ती एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. ऑटोप्सी तुम्हाला त्या फाइलपर्यंत नेतं, आतली चित्रं बघायला मी वेगळं छोटं साधन वापरते. फोनसाठीही मी याची शिफारस करणार नाही. अँड्रॉइड आणि आयफोनच्या बॅकअपसाठी मॉड्यूल आहेत, पण कुलूपबंद नवा फोन उघडणं हे याचं काम नाही. आणि शिकवणीच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर कंजूष आहे. फांदीवर नाव दिसतं, पण त्याचा अर्थ काय आणि आता घाबरायचं की नाही, हे ते सांगत नाही. नवख्याने सोबत कोणीतरी जाणकार घेऊन बसावं.

एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या चिपवाल्या डिस्कवर, चित्र बरंच बदलतं, आणि हे समजून घेतलं नाही तर खोटी निश्चिंती येते. विंडोज ७ पासून, फाइल डिलीट झाली की ट्रिम नावाची सूचना एसएसडीला जाते, आणि ती डिस्क ती जागा आतून साफ करायला घेते. अशा डिस्कच्या इमेजमध्ये कार्व्हर चालवला तर बहुतेक वेळा मोकळ्या जागेत शून्यंच मिळतात. छान वाटतं. पण यूएसबीच्या डबीतून जोडलेल्या एसएसडीला, पेन ड्राइव्हला किंवा मेमरी कार्डाला ट्रिम पोचतंच असं नाही. आणि ज्या फाइल डिलीट केल्याच नाहीत, त्या तर आहेतच. लॅपटॉप चोरीला जातो तेव्हा त्याच जातात.

म्हणून सगळ्यात शिकवणारी चाचणी मला ही वाटते. ज्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) पहिल्या दिवसापासून चालू आहे, तिची बंद अवस्थेत इमेज काढा, आणि किल्ली न देता ऑटोप्सीला द्या. कुलूपबंद भागात झाडाला फांद्याच फुटत नाहीत. फाइल नाहीत, नावं नाहीत, फोटो नाहीत. हेक्स खिडकीत वर-खाली कितीही फिरा, नुसता गोंधळ दिसतो. ऑटोप्सी फार तर 'हे एन्क्रिप्ट केलेलं आहे' एवढंच म्हणू शकतं. आत्याच्या डिस्कनंतर हे बघितलं की कुठल्या उपायाने खरा फरक पडतो ते लगेच कळतं. व्हेराक्रिप्ट किंवा मॅकवरचं फाइलव्हॉल्ट यांचंही तत्त्व हेच. फक्त रिकव्हरी की कागदावर लिहून दुसरीकडे ठेवा. ती गेली तर तुम्हीसुद्धा त्या इमेजपुढे परकेच.

आत्याच्या लॅपटॉपचं पुढे काय केलं तेही सांगते. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहिली. सात-सात वेळा, पस्तीस वेळा पुसायचे सल्ले अजून फिरतात. पण निस्टच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आजच्या फिरत्या डिस्कसाठी एकदा नीट लिहिणं सहसा पुरतं. एसएसडीला मात्र हे लागू करू नका. तिच्या आत राखीव जागा असते आणि तिथपर्यंत आपलं लिखाण पोचत नाही, तिच्यासाठी उत्पादकाची सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझची सोय वापरा. पुसून झाल्यावर पुन्हा इमेज काढली आणि पुन्हा ऑटोप्सी चालवलं. हा दुसरा फेरा टाळू नका. पुसणारं साधन 'झालं' म्हणतं, ते खरंच झालं का हे बघायला ऑटोप्सीइतकं चांगलं काही मला मिळालेलं नाही. फुल्या नाहीत, एफची रांग नाही, सगळीकडे शून्यं. मग त्यावर विंडोज नव्याने टाकलं, बिटलॉकर सुरू केलं, आणि लॅपटॉप त्या विद्यार्थिनीला दिला.

एनकेस, मॅग्नेट ॲक्सियम यांसारखी पैसे देऊन घ्यायची साधनं आहेत. फोन, क्लाउड, मोठ्या तपासांचे अहवाल यांत ती पुढे आहेत, पण घरच्या आणि छोट्या संस्थेच्या कामाला त्यांची गरज नाही. फक्त चुकून डिलीट झालेले फोटो परत हवे असतील तर ऑटोप्सीचाही पसारा नको, फोटोरेक एकटं पुरेल. आणि हे सगळं स्वतःच्या डिस्कवर किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेल्या डिस्कवरच करायचं. घरातल्या माणसाची डिस्क असली तरी विचारूनच. झडतीत त्यांचं खाजगी आयुष्य उघडं पडतं, आणि ते बघायचा हक्क आपोआप मिळत नाही.

शेवटची सूचना ऑटोप्सीच्या केस फोल्डरबद्दल, कारण वापरणारे हिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. तुम्ही केस, म्हणजे एका डिस्कची झडती, सुरू करता तेव्हा बाहेर काढलेल्या फाइल, शब्दशोधाची अनुक्रमणिका, अहवाल आणि नोंदींचा डेटाबेस असं सगळं एका फोल्डरमध्ये साठत जातं. शेजारी मूळ इमेज असतेच. म्हणजे डिस्कवर जे विखुरलेलं होतं, ते इथे निवडून, लावून, शोधता येईल असं ठेवलेलं असतं. मी केस फोल्डर आणि इमेज दोन्ही व्हेराक्रिप्टच्या कुलूपबंद डिस्कवरच तयार करते आणि काम संपलं की ती पूर्ण डिस्क नव्याने फॉरमॅट करते. आत्याचा केसही तसाच काढून टाकला, तिच्यासमोर.